सगळ्यांनी जिभा काढा

सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. भर दुपार होती आणि तो डोंगराच्या डोक्यावर इस्त्रीतल्या निखाऱ्यासारखा लाल होऊन बसला होता. ना ऊन, ना सावली. कोंबड्या खुराड्यात शिरल्या, रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले आणि दोरीवर वाळत घातलेल्या हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर वरून राख उतरायला लागली. आवाज नाही, काही नाही. कुणीतरी आभाळात बसून पीठ चाळत असावं तशी. माझ्या चादरीला डाग लावणाऱ्याला मी आजवर कधी सोडलेलं नाही. त्या दुपारी मात्र कमरेवर हात ठेवून वर बघत राहिले. भांडायचं तरी कुणाशी?

डोंगरावरचं जंगल पेटलं होतं. आग अजून लांब होती, पण धूर आधी आला. आग माणसाला दिसते म्हणून माणूस पळतो. धुराचं तसं नाही. तो पाहुण्यासारखा येतो, घरात बसतो आणि मग उठायचं नाव घेत नाही.

आमची लाँड्री खालच्या आळीत, ओढ्याच्या कडेला. खालची आळी म्हणजे आम्हा काळ्यांची. आमच्या आज्या-पणज्यांना चुनखडीच्या खाणीवर राबायला बोटीत घालून आणलं होतं. खाण संपली, आम्ही उरलो. केस कुरळे, नाक बसकं, आणि रंग असा पक्का की कितीही धुवा, उतरायचा नाही. उतरावा असं आम्हाला कधी वाटलंही नाही. वरच्या पेठेत गोरे लोक. दुकानं त्यांची, हॉटेल त्यांचं, दवाखानाही तिकडेच. आमच्या आळीत एक छोटा दवाखाना होता, तो 'पेशंट येत नाहीत' म्हणून बंद केला. डॉक्टरच येत नव्हता तिथं, तर पेशंट काय खुर्चीला नाडी दाखवणार होते?

वरच्या पेठेच्या चादरी आमच्याकडे येतात, माणसं येत नाहीत. हॉटेलवाली तेवढी यायची. कपडे टाकायला नोकर, पण तक्रार करायला जातीनं स्वतः. धुतलेली चादर उघडायची, दारात उजेडाला धरायची, ओठ मुरडायची आणि म्हणायची, "नीळ जास्त झालीय गं."

पांढऱ्या कपड्याला शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ घालतात, म्हणजे पिवळेपणा मरतो आणि कपडा डोळ्यांत भरतो. जास्त पडली तर निळसर मारतो. माझ्या हातून नीळ कधी जास्त पडलेली नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. "डोळे तपासून घ्या, बाई," मी म्हणायची. "तू तुझी चिमूट तपास," ती म्हणायची. ह्या एवढ्या बोलण्यावर आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. तिनं लाँड्री बदलली नाही आणि मी तिला कधी चहा विचारला नाही.

तर त्या दुपारी माझी नात आपण होऊन कपड्यांच्या ढिगावर जाऊन निजली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. पाच वर्षांची आहे. जागी असताना एका जागेवर बसलेली मी तिला पाहिलेली नाही. खातानासुद्धा ताटाभोवती फिरते. ती गुपचूप निजली, तिथंच मी हातातलं काम टाकलं. थंडीत तिला धाप लागते, त्यावर तोंडात औषध फवारायचा पंप होता, तो सकाळीच संपला होता. मुलगा ट्रक घेऊन परगावी गेलेला. घरात मी, सून आणि ही.

"आई, हिची छाती बघा," सून म्हणाली.

बघितली. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, जणू आतून कुणी दोरी ओढतंय.

लोकांना हलवायला बस आली. आधी वरच्या पेठेत गेली, मग आमच्याकडे आली. आम्ही चढलो तेव्हा आळीतल्या सगळ्यांच्या डोक्यावर राखेचा थर होता. काळी डोकी पांढरी झाली होती. "आज सगळी आळी एका वयाची दिसतेय," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

आम्हाला बॅडमिंटनच्या हॉलमध्ये उतरवलं. केवढा तो हॉल! छत इतकं उंच की धूर तिथंही वर जाऊन स्वतःचं आभाळ करून बसला होता. लाकडी जमिनीवर पांढरे पट्टे आखलेले आणि त्या पट्ट्यांत गाद्या टाकलेल्या. मधली जाळी कुणी काढलीच नव्हती. पलीकडे वरची पेठ, अलीकडे आम्ही. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

दारातच एक तरुण पोरगा उभा, हातात रंगीत फितींची भेंडोळी. मुलाला बघायचं आणि मनगटावर फीत बांधायची. लाल म्हणजे लगेच ऑक्सिजन, हिरवी म्हणजे बसून राहा. मी त्याचं नाव फितवाला ठेवलं.

"काय होतंय हिला?" त्यानं विचारलं.

"श्वास लागलाय."

"ओठ निळे पडलेत का?"

मी भिंगरीच्या तोंडाकडे वाकून पाहिलं. निळे? "आमच्या सात पिढ्यांत कुणी निळं पडलेलं नाही," मी म्हटलं.

तो हसला. "तुमच्याकडची मुलं काटक असतात, आजी."

माझी मान आपोआप ताठ झाली. असतातच मुळी. मी स्वतः हेच सांगत आलेय सगळ्यांना.

मग त्यानं खिशातून एक चिमटा काढला. दोरीवर कपडे अडकवायचा असतो ना, डिट्टो तसा, फक्त आत दिवा. तो भिंगरीच्या बोटाला लावला आणि पोरीचं बोट आतून पेटलं. खरं सांगते, मी तोंडात बोट घातलं. एवढंसं ते बोट, आणि त्याच्या आरपार लाल उजेड, जणू हाडामासाच्या आत दिवेलागण झाली. माणसानं काय काय करून ठेवलंय! न कापता, न टोचता रक्तात डोकावणारा चिमटा. माझ्या घरी हजार चिमटे आहेत, एकाला म्हणून अक्कल नाही.

"ब्याण्णव," फितवाला म्हणाला. "नव्वदच्या वर म्हणजे ठीक." आणि हिरवी फीत बांधली.

आम्हाला गादी मिळाली ती अगदी जाळीला लागून. पलीकडच्या गादीवर कोण असावं? हॉटेलवाली. मांडीवर नातू, भिंगरीच्याच वयाचा, गोरापान, लोण्याचा गोळा. त्याचे ओठ मात्र शाईची बाटली तोंडाला लावल्यासारखे. मनगटावर लाल फीत, शेजारी सिलिंडर, आणि एक बाई त्याच्या नाकाला नुकतीच नळी लावत होती.

हॉटेलवालीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. "चादरी?" तिनं विचारलं.

"दोरीवर आहेत," मी म्हटलं. "राखेत."

तिनं मान हलवली. पहिल्यांदाच तक्रार केली नाही.

मी भिंगरीची छाती बघत होते आणि जाळीखालून त्या पोराची छाती दिसत होती. इकडे खड्डा, तिकडे खड्डा. इकडे नाकपुड्या फुलतायत, तिकडेही तशाच. दोन्ही पोरं एकाच भात्यानं चालल्यासारखी. मग एकाला लाल आणि एकीला हिरवी का?

फितवाला जवळून जाताना मी त्याची बाही धरली. "अहो, हिची छाती बघा. त्या पोरासारखीच उडतेय."

"आजी, हिचा आकडा चांगला आहे."

"श्वास आकड्याला लागलाय की पोरीला?"

"आई, हळू बोला," सून कुजबुजली. माझी सून शिकलेली आहे. कुणी पायावर पाय दिला तरी आधी तीच माफी मागते.

"हळूच बोलतेय. जोरात बोलले तर ह्याच्या हातातल्या सगळ्या फिती पांढऱ्या पडतील."

"सिलिंडर मोजके आहेत हो," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून धुरानं पाणी वाहत होतं. वाईट पोरगा नव्हता. त्याला जे सांगितलं ते तो करत होता. "आम्हाला नियम आहे. आकडा आणि ओठ."

तेवढ्यात भोंग्यातून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. हॉलच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर चढून बोलत होत्या. "ज्यांच्या मुलांचे ओठ निळे पडलेत त्यांनी लगेच पुढे यावं. लगेच."

आमच्या आळीतल्या सगळ्या बायकांनी आपापल्या मुलाकडे पाहिलं. मी त्यांना बघत होते. शिंपीणबाईनं बाळाचं टोपडं मागे सारून पाहिलं. सायकलवाल्याच्या बायकोनं दोन्ही पोरांची तोंडं हाताने उजेडाकडे वळवून पाहिली. आणि सगळ्या जागच्या जागी बसून राहिल्या. आमच्या बायका खोटं बोलणाऱ्या नाहीत. निळं विचारलं, निळं दिसलं नाही, बसल्या. जाळीपलीकडून मात्र एक उठली, दुसरी उठली, आणि टेबलासमोर रांग लागली. सगळी पांढरी. दोरीवर फक्त हॉटेलचेच कपडे टाकावेत तशी.

ते बघून मला काहीतरी टोचलं. काय ते कळेना. पोटाला आधी कळतं, डोक्याला मागाहून.

"पाणी दे," मी सुनेला म्हटलं. फडकं ओलं केलं आणि भिंगरीचं तोंड पुसायला घेतलं. कपाळावरची राख निघाली, गालावरची निघाली, खालून माझी पोरगी चकचकीत बाहेर आली. ओठांवरची राख निघेना. मी पुन्हा पुसली. घासून पुसली. फडकं स्वच्छच्या स्वच्छ. ओठ तसेच राखाडी.

भिंगरी काही बोलत नव्हती. एरवी तोंड पुसायला गेलं तर हात चावणारी पोर, माझ्या फडक्याखाली मुकाट पडून होती.

"आई," सून म्हणाली आणि तिनं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

मी ओरडले. लपवत नाही, अशी ओरडले की वरच्या छतातला धूर हलला असेल. "डॉक्टर! अहो बाई! इकडे!" चार माणसांनी वळून पाहिलं. एकजण म्हणाला, "आजी, शांत बसा, सगळ्यांचीच मुलं आजारी आहेत." दुसऱ्यानं त्याला सांगितलं, "खालच्या आळीच्या आहेत, मोठ्यानं बोलायची सवय असते त्यांना." जन्मभर लोक मला सांगत आले की तुझ्या जिभेला हाड नाही, जरा आत ठेव. त्या दिवशी ती पुरती बाहेर होती आणि काही उपयोग नव्हता. घसा बसला. कुणी आलं नाही.

आणि मग पोरांनी पोरांचं काम केलं.

पलीकडचा लोण्याचा गोळा कुशीवर वळला. जाळीखालून त्याला भिंगरी दिसली. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, नाकात नळी असताना त्यानं तिला वेडावून दाखवलं. जीभ काढून, चांगली हनुवटीपर्यंत. आमची पोर मरायला टेकली असती तरी कुणाचं उधार ठेवणारी नाही. तिनं डोळे उघडले, सगळं बळ एकवटलं आणि तिनंही जीभ काढली.

ही खोड मी तिच्या पाठीत धपाटे घालून मोडायला गेले होते. बरं झालं, मोडली नाही.

पलीकडून हॉटेलवालीचा आवाज आला. तिची नजर भिंगरीवर होती आणि डोळे चादर बघताना बारीक करायची तसे बारीक झाले होते. "नीळ जास्त झालीय गं," ती म्हणाली.

माझ्या ओठावर आलंच होतं, डोळे तपासून घ्या बाई. सवयीनं आलंच होतं. पण मी खाली पाहिलं.

दोन जिभा. एक जाळीच्या अलीकडे, एक पलीकडे. दोन्हींचा रंग एकच. एकाच पाण्यात बुडवून काढलेल्या दोन चिंध्या. त्याचे ओठही निळे होते, ते साऱ्या हॉलला दिसत होते. हिची नीळ तोंडाच्या आत लपून होती. दिसणार कशी? पांढऱ्या चादरीवर नीळ सांडली तर आंधळ्यालाही कळेल. माझ्या काळ्या झग्यावर बाटलीभर ओतली तरी झगा काळाच दिसतो. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? रोज हातानं करते ते. पण पोरीच्या तोंडाशी ते जोडून बघायचं कधी सुचलं नाही.

"हिची आणि ह्याची सारखीच आहे," हॉटेलवाली म्हणाली.

"मग सांगा ना," मी म्हटलं. आवाज फाटला होता माझा. "माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही सांगा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग एक बोट वर केलं. ओरडली नाही, नुसतं बोट वर केलं, हॉटेलात नोकराला बोलावतात तसं. आणि डॉक्टरीणबाई टेबलावरून उतरून धावत आल्या. हे मी विसरणार नाही. मी घसा फोडला तेव्हा कुणी आलं नाही आणि तिच्या एका बोटाला आख्खी डॉक्टरीण आली. कामाला आलं म्हणून मी गिळलं. गोड लागलं असं म्हणणार नाही.

डॉक्टरीणबाई म्हणजे कोवळी पोरगी. गोरी, नाकावर मास्कचा वळ उठलेला. गुडघ्यावर बसली. भिंगरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, ओठ उलटवून आतली बाजू पाहिली. "जीभ दाखव, बाळ." जीभ पाहिली. मग चिमटा लावला. पुन्हा तेच बोट पेटलं, पुन्हा तोच लाल दिवा.

"ब्याण्णव," ती म्हणाली. चिमटा काढला, स्वतःच्या बोटाला लावला, परत भिंगरीच्या बोटाला लावला. त्याच्याकडे बघत राहिली, ओळखीच्या माणसानं तोंडावर खोटं बोलावं तशी.

"बिघडलाय का?" सुनेनं विचारलं.

"नाही. हा उजेड कातडीतून जाऊन रक्त बघतो. कातडी गडद असली की तो फसतो, आहे त्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो." ती थांबली. "शिकवलं होतं आम्हाला हे. एका ओळीत."

"आणि ओठ?" मी विचारलं. "ते कुणी शिकवलं?"

"पुस्तकात चित्रं होती निळ्या ओठांची." तिनं माझ्याकडे पाहिलं, नजर चुकवली नाही. "सगळी माझ्यासारख्या मुलांची होती."

मला खूप काही बोलता आलं असतं. तिखट, सणसणीत, तिच्या सात पिढ्या आठवतील असं. पण तिची नजर तोवर माझ्यावरून उठून आमच्या आळीवर गेली होती. गादीमागून गादी, हिरव्या फितींमागून हिरव्या फिती. तिचा चेहरा उतरत गेलेला मला दिसला. ती उठली. "एक सिलिंडर उरलाय," फितवाल्याला म्हणाली, "तो ह्या मुलीसाठी घेऊन या." आणि भोंगा उचलून तिथंच, जाळीपाशीच, बोलायला लागली.

"सगळ्यांनी ऐका. ओठ बघू नका. आकडा विसरा. सगळ्या मुलांनी जिभा काढा. हो, मलाच दाखवा. जेवढ्या लांब निघतील तेवढ्या."

 मुलांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. जन्मल्यापासून त्यांना उलट सांगितलेलं. सायकलवाल्याच्या धाकट्यानं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. त्यानं जीभ काढली. मग त्याच्या भावानं. मग शेजारच्यानं.

मी खूप गोष्टी पाहिल्यात. ओढ्याला पूर आलेला पाहिलाय, त्या दुपारी थंड पडलेला सूर्य पाहिला. पण असं काही पाहिलेलं नव्हतं. त्या भल्या मोठ्या हॉलमध्ये, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळी, गोरी, राखेनं माखलेली, रडून नाक वाहणारी, आईच्या काखेत लोंबकळणारी, सगळीच्या सगळी पोरं जिभा काढून बसली. जणू त्या आगीला, त्या धुराला, त्या चिमट्याला आणि आम्हा सगळ्या मोठ्या माणसांना एका दमात वेडावून दाखवत होती. कुणी हसत होतं, कुणी जीभ काढूनच रडत होतं. आणि आया हातात टॉर्च घेऊन वाकल्या होत्या, दिव्यामागून दिवा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळात जाऊन मला असं कधी झालेलं नाही.

"गुलाबी," एकजण ओरडली. "माझ्याची गुलाबी आहे!" "माझ्याची निळी. बाई, निळी!" "हिची पण!" आणि आमची आळी उठली. जिथं एक बाई उठली नव्हती तिथं आता एकामागून एक उठत होत्या, पोर पोटाशी धरून, हिरव्या फितीसकट. डॉक्टरीणबाई पळत होती, फितवाला पळत होता, हिरव्या फिती दातांनी तोडत होता.

शिंपीणबाईचं बाळ तेवढं निजलेलं. बसमध्ये सगळ्यांनी कौतुक केलं होतं त्याचं, शहाणं बाळ, आईला मुळीच त्रास देत नाही म्हणून. मीही केलं होतं. शिंपीणबाईनं बोटानं त्याची हनुवटी खाली ओढली, टॉर्च धरला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी सांगू शकत नाही.

डॉक्टरीणबाईनं बाळाला उचललं. तोवर फितवाला सिलिंडर घेऊन आमच्या गादीपाशी पोचला होता. तोच शेवटचा. ती बाळाला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिची नजर सिलिंडरवर होती. मला कळलं.

भिंगरी माझ्या मांडीवर होती. बरगड्यांखालचा खड्डा तसाच. सुनेनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. मी त्या बाळाकडे पाहिलं. एवढासा मुटका, मान लुळी पडलेली. श्वास घेत होतं की आठवत होतं कोण जाणे.

"बघत काय उभी राहिलीस?" मी डॉक्टरीणबाईवर खेकसले. "ने की त्याला! लाव!"

सिलिंडर गेला. चाकांचा आवाज लांब जात राहिला.  भिंगरीच्या छातीवर हात ठेवून बसले, जसं काही माझ्या हातानंच आत वारा शिरणार होता. जन्मात पहिल्यांदा माझी जीभ टाळ्याला चिकटली.

जाळीपलीकडे हॉटेलवाली आपल्या नातवाकडे बघत होती. मग त्याच्या सिलिंडरकडे. मग परत नातवाकडे. त्याचे ओठ आता जरा सुधारले होते, आणि ते तिला दिसत होतं, आणि नळीतला वारा कमी झाला तर काय, हेही तिला दिसत होतं. मी तिच्याकडे काही मागितलं नाही. मागणं माझ्या रक्तात नाही. पण बघायचं थांबले नाही, हेही खरं.

"डॉक्टर," ती म्हणाली, ह्या वेळी बोट न उचलता. "एकातून दोघांना देता येतं का?"

डॉक्टरीणबाई लांबूनच थबकली. "देता येईल. बेचकीसारखा एक जोड मिळतो नळीला, पेटीत आहेत थोडे. पण वारा वाटला जाईल. तुमच्या नातवाला कमी पडेल. दोघांवरही डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागेल."

"त्याला तर आम्ही दोघी आहोत," हॉटेलवाली म्हणाली. "हिची नजर वाईट आहे, माझी चांगली आहे." आणि मग मोठ्यानं, "ती जाळी सोडा रे कुणीतरी! माझी कंबर वाकत नाही."

फितवाल्यानं खांबाची गाठ सोडली. जाळी फसकन जमिनीवर पडली. आम्ही सासूसुनेनं भिंगरीची गादी तिच्यासकट ओढली आणि त्या गादीला भिडवली. डॉक्टरीणबाईनं जोड बसवला, एक नळी ह्याच्या नाकाला, एक हिच्या. सिलिंडरची किल्ली थोडी फिरवली. सूऽऽ असा बारीक आवाज आला.

"आता आलटून पालटून जिभा बघायच्या," ती म्हणाली. "कुणाचीही पुन्हा निळी वाटली तर मला हाक."

"ही हाक मारणार," हॉटेलवालीनं माझ्याकडे बोट केलं. "हिची वेशीपलीकडे ऐकू जाते."

"आणि ही बोट वर करणार," मी म्हटलं. "त्याशिवाय कुणी येत नाही."

डॉक्टरीणबाईनं दोघींकडे पाहिलं, हसू की नको असं तोंड केलं, आणि उरलेले जोड घेऊन आमच्या आळीतल्या बाकीच्या निळ्या पोरांना असंच जोडीनं लावायला पळाली.

मग आम्ही दोघी बसलो. खिडक्यांबाहेर सगळं नारिंगी, छतात धूर, आणि मधे दोन पोरं एका सिलिंडरला जोडलेली. मी किती चादरींची जादा नीळ काढली असेल, वाहत्या पाण्यात धरून, धाग्याधाग्यातून. पण इथं पाणी नव्हतं. रंग नसलेला, वास नसलेला वारा एका बारीक नळीतून जात होता, आणि मी डोळे फाडून बघत होते तरी मला ते होताना दिसलं नाही. कधी तरी बरगड्यांखालचा खड्डा उथळ झाला. कधी तरी ओठांवरची राख, जी फडक्यानं निघाली नव्हती, ती कुणीही न पुसता नाहीशी व्हायला लागली. कोण धुतं हे? आतल्या आत, न भिजवता, न पिळता? माझ्यासारख्या धुणारीनं तिथं हात टेकले.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक बाळ रडायला लागलं. आधी मांजरासारखं, मग चांगलं टाहो फोडून. शिंपीणबाईचं. आमच्या आळीतल्या बायकांनी ते रडणं एखाद्या गाण्यासारखं ऐकलं. कुणी त्याला गप्प करायला गेलं नाही.

"टॉर्च धर गं," हॉटेलवाली म्हणाली. तिनं आधी नातवाची जीभ पाहिली. मग भिंगरीची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. अगदी तसंच, दारात उभी राहून चादर धरायची तसं. डोळे बारीक केले. ओठ मुरडले.

मी श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होते. ह्या बाईच्या तोंडाकडे!

"आता बरोबर आहे नीळ," ती म्हणाली.

भिंगरीनं जीभ आत घेतली, हात वर केला आणि हॉटेलवालीचं बोट चावायला गेली. सून तोंड दाबून रडायला लागली.

मी टॉर्च जवळ धरला. "परत बघा, बाई," मी म्हटलं. "नीट बघा. परत एकदा."